परिचयाचा शेवटचा परिच्छेद

विद्यापीठानं माझा परिचय मागितला होता. मी पाठवला नंबर, रँक, नाव, रक्तगट, उंची आणि ‘ओळखीची खूण : डाव्या गुडघ्यावर तीळ’. वीस वर्षं हवाई दलात काढलेल्या माणसाला ‘स्वतःबद्दल लिहा’ म्हटलं की हात आपोआप तसाच चालतो. कागद सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी पाठवला. आठ बाराला कळलं की तो एकट्या विभागप्रमुखांना गेलेला नाही, शिकवणाऱ्या सगळ्यांच्या ग्रुपवर गेला आहे. विंग कमांडर साहेबांचं उत्तर लगेच आलं : “नोटेड. उजवा गुडघा क्लीअर?”

यवतमाळजवळच्या एका खासगी विद्यापीठानं विमान-सुरक्षेची पदवी सुरू केली आहे. शिकवणारे आम्ही पाच. विभागप्रमुख सरनाईक मॅडमनी आयुष्यभर विमान अपघातांची चौकशी केली. विंग कमांडर साहेब निवृत्त हेलिकॉप्टर पायलट. एक डॉक्टर, ज्यांनी पायलटांच्या तपासण्या केल्या. एक कंट्रोल टॉवरमध्ये बसलेले गृहस्थ. आणि पाचवा मी, सार्जंट राऊत, हेलिकॉप्टरचा मेकॅनिक, मूळ राळेगाव तालुक्यातला. बाकीच्यांच्या नावापुढे पदव्या आहेत. माझ्या नावापुढे ‘सेवानिवृत्त’. आमच्या घरात शिकवण्याचं काम खऱ्या अर्थानं सुनंदाच करते, माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत.

नऊ वाजता मॅडमचा फोन आला.

“राऊत, तीळ पोचला. आता बाकीचं लिहा.”

“बाकीचं म्हणजे, मॅडम?”

“शिक्षण, अनुभव आणि शेवटचा परिच्छेद. त्यात तुमच्या हातून झालेली एक चूक. या कोर्सचा तो नियम आहे. पाचही परिचय वर्गाच्या दारावर लागतील. मुलं ते वाचून मगच आत येतील.”

“सगळ्यांनी लिहिलं?”

“पाठवते. रविवारी बारापर्यंत तुमचं हवं.”

मी खुर्चीत बसून वाचायला लागलो आणि वाचता वाचता उभा राहिलो. विंग कमांडर साहेबांनी लिहिलं होतं : ढगात शिरायचं नाही हे माहीत असून शिरलो, कारण मागे मोठे साहेब बसले होते. टॉवरवाल्यांनी लिहिलं होतं : दोन विमानांना एकच उंची दिली, चाळीस सेकंद मला ते कळलं नाही. डॉक्टरांनी लिहिलं होतं : मित्र होता म्हणून एका पायलटला फिट म्हणून सही दिली. आमच्या नोकरीत माणूस चूक लिहितो ती चार्जशीट हातात पडल्यावर, आणि तीही शक्य तितकी दुसऱ्याच्या नावावर. इथं ही माणसं आपल्या हातानं लिहून दाराला चिकटवायला निघाली होती.

मॅडमचा परिच्छेद सगळ्यात छोटा होता. एका चौकशीत त्यांनी ‘मृत पायलटची चूक’ असा निष्कर्ष लिहिला. दोन वर्षांनी खरं कारण वेगळंच निघालं. शेवटी एक ओळ होती : ‘मेलेला माणूस उलट बोलत नाही, म्हणून तसं लिहिणं सोपं गेलं.’

ती ओळ वाचून मी फोन पालथा ठेवला. 

तरीही पहिल्यांदा मी गमतीचंच लिहिलं. एकदा कमांडिंग ऑफिसरांच्या इन्स्पेक्शनला मी हेलिकॉप्टर उलट्या तोंडानं उतरवून घेतलं आणि पंख्याच्या वाऱ्यानं चहापानाचा तंबू उडाला. समोसे धावपट्टीपर्यंत गेले. हे पाठवलं. मॅडमचा फोन.

“छान आहे. आता खरं लिहा.”

“हे खरंच आहे, मॅडम.”

“असेल. पण या चुकीत फक्त समोसे गेले.”

मग खरं लिहायला बसलो. ते हेच. दारावरच्या कागदावर जागा कमी, इतकाच फरक.

पंधरा वर्षांपूर्वी आमचं युनिट उत्तरेच्या पहाडात होतं. माझ्या हाताखाली कॉर्पोरल प्रल्हाद गावंडे होता, दारव्हा तालुक्यातल्या बोरी अरबचा. पहिल्या दिवशी माझं गाव ऐकून म्हणाला, “राळेगाव? मंग त आपण एकाच पराटीतले.” पराटी म्हणजे कपाशी, दोन्हीकडे तीच पिकते. त्याच वर्षी सुट्टीत मला घरी घेऊन गेला, आईच्या हातचं जेवण घातलं आणि परत निघताना स्टँडवर म्हणाला, “माही बहीण कशी वाटली? नाही म्हणाल त ड्युटी चार्ट माह्याजवळ हाय.” अशी सुनंदा माझ्या घरी आली. प्रल्हाद मला ड्युटीवर ‘सर’ म्हणायचा, बराकीत ‘दाजी’. कुरकुरायचा, “सकाळी सर, संध्याकाळी दाजी, अन् घरी आबासमोर जवाईबापू. एकाच माणसाले किती येळा सलाम ठोकू?”

आमचा दिवस साडेचारला सुरू व्हायचा. उड्डाणाआधी हेलिकॉप्टरची प्रत्येक झडप उघडायची, टॉर्चनं आत बघायचं, झडप लावायची, खटकी दाबायची. मग हातमोजा काढून त्या खटकीवरून उघडा बोट फिरवायचं. थंडीत डोळ्याला खटकी बसलेली दिसते, बसलेली नसते. बोटाला कळतं. त्यानंतर सही. हे मीच पोरांना शिकवायचो, आणि मोठ्या आवाजात शिकवायचो.

त्या सकाळी ०६१० ला निरोप आला. पुढच्या चौकीवर एक जवान श्वास लागून पडला होता. ०६४० ला हेलिकॉप्टर हवं. मी तपासणी वीस मिनिटांत उरकली. शेपटीकडची छोटी झडप लावली, दाबली. हातमोजा काढला नाही. सही केली.

०६३५ ला इंजिन सुरू झालं. मी समोर, पायलटला हातांनी इशारे द्यायला. प्रल्हाद डाव्या बाजूला, आग विझवायचा सिलिंडर घेऊन. पंखे पूर्ण वेगात आले, आणि मला शेपटीकडची झडप फडफडताना दिसली.

नियम साधा होता. हात गळ्यावरून आडवा फिरवायचा. पायलट इंजिन बंद करतो, पंखे थांबतात, मग कोणीतरी जाऊन झडप लावतं. दहा मिनिटं उशीर, आणि रजिस्टरमध्ये ज्याची सही त्याच्या नावापुढे शेरा. वर चौकीवर माणूस तडफडतोय म्हणून मी थांबवलं नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. त्या क्षणी मला चौकीवरचा माणूस दिसत नव्हता. माझ्या नावापुढचा शेरा दिसत होता.

मी प्रल्हादकडे बघितलं. झडपेकडे हात केला, जाऊन दाब म्हणून.

त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं. चालू पंख्यात मागे कोणी जात नाही, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. मी पुन्हा हात केला. तो सिलिंडर ठेवून वाकला आणि बाजूनं गेला. झडप दाबली. हातमोजा काढला आणि खटकीवरून बोट फिरवलं. मग अंगठा वर करून हसला. आता बराकीत दिवसभर माझी खेचणार, हे त्या हसण्यातच होतं.

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं पॅडवरचा भुसभुशीत बर्फ उठला. सगळं पांढरं झालं. त्यानं पुढे यायला हवं होतं. काही न दिसल्यामुळे तो दोन पावलं मागे सरकला. शेपटीचा पंखा तिथंच होता.

०६४१. पुढचं लिहीत नाही.

रेडिओवर पायलटचा आवाज आला. “टॉवर, शटिंग डाउन. मेडिकल टीम पॅडवर पाठवा.”

“रॉजर. किती जण?”

“एक.”

चौकीवरच्या जवानाला दुसऱ्या हेलिकॉप्टरनं आणलं. तो वाचला.

तिसऱ्या दिवशी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मी टोपी काखेत धरून उभा होतो.

“कॉर्पोरल गावंडे मागे का गेला?”

“झडप उघडी दिसली म्हणून, सर.”

“कोणी पाठवलं?”

“कोणी नाही, सर. स्वतःच गेला.”

एवढंच. मी हात केला तेव्हा पायलटची नजर आतल्या काट्यांवर होती, मागचं त्याला दिसत नव्हतं, बाकी कोणी जवळ नव्हतं. निष्कर्ष आला : स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू. त्याला घेऊन मी बोरीला गेलो. आबांनी, म्हणजे त्याच्या आणि सुनंदाच्या वडिलांनी, मला एकच विचारलं, “कसं झालं, जवाईबापू?” मी तेच उत्तर दिलं. एकदा दिलेलं उत्तर पुन्हा देणं सोपं असतं.

आबांनी पोराचा वर्दीतला फोटो समोरच्या खोलीतून काढून सोयाबीनची पोती ठेवतात त्या खोलीत लावला. शाळेत पंधरा ऑगस्टला जवानांच्या घरच्यांना बोलावतात, ते जात नाहीत. म्हणतात, “आमचा लढाईत नाही गेला, धांदरटपणात गेला. लहानपणापासून तसाच होता.” सुनंदा सुरुवातीला त्यांच्याशी भांडायची. “आबा, माहा भाऊ धांदरट नव्हता.” ते चौकशीचा कागद दाखवायचे. हळूहळू तिनं भांडणं सोडलं. मला वाटतं, तिलाही ते पटत गेलं. मी तिथंच बसलेला असायचो, मान खाली घालून भाकरी मोडत. माझ्या सर्व्हिस बुकात मात्र वीस वर्षांत एकही लाल शेरा नाही. निरोपाच्या दिवशी त्याबद्दल माझं कौतुकही झालं.

रविवारी अकरा वाजता लिहून झालं. माझं लिहिलेलं काहीही बाहेर जाण्याआधी सुनंदा लाल पेननं तपासते. चौथीच्या पोरांच्या वह्यांसारखंच. ती हरभऱ्याची भाजी निवडत होती. हात पुसून तिनं कागद घेतला. मी शेजारी उभा राहिलो, सावधानमध्ये. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही.

पहिल्या पानावर तिनं दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. तीळ वाचून हसली. दुसऱ्या पानावर पेन थांबलं. शेवटपर्यंत गेली. परत वर आली आणि पुन्हा वाचलं. 

“हात तुम्ही केला?”

“हो.”

“दोनदा?”

“दोनदा.”

“अन् तो मेल्यावर त्यालेच धांदरट केलं.”

मी सावधानमधून हललो नाही.

“पंधरा वर्षं माह्या बापाच्या ताटाले ताट लावून जेवले तुम्ही.”

कॉर्पोरल प्रल्हाद गावंडे सव्वीस वर्षांचा होता. तो धांदरट नव्हता. त्या सकाळी हातमोजा काढून खटकीवरून बोट फिरवणारा पॅडवर तो एकटाच माणूस होता. सीनिअरनं सांगितलेलं काम त्यानं पूर्ण केलं, आणि झालं म्हणून अंगठाही दाखवला. हे मी त्या कागदात शेवटी लिहिलं आहे. मुलं वर्गात येताना आधी ते वाचतील.

तिच्या हातातलं लाल पेन अजून उघडंच होतं. मी माझ्या स्वभावाप्रमाणे नको तेच बोललो : “बारापर्यंत पाठवायचंय.”

सुनंदानं लाल पेनाला टोपण लावलं. कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकली.

“दारावर मंग लावा,” ती म्हणाली. “आधी आबाले वाचून दाखवा, तुमच्या तोंडानं. गाडी काढा. मी मागं बसते, पण बोरीपर्यंत माह्याशी बोलू नका.”