गडी हाय माझा

"गँगरीन," डॉक्टर म्हणाले. "बाबा, अंगठ्याचं मांस मेलंय. साखर वाढलेली. अंगठा काढावा लागेल, नाहीतर पाय जाईल."

महिनाभर अंगठा काळा पडत होता. मी हळद लावत बसलो. कल्याणच्या दवाखान्यात चल, असं गोविंदा रोज सांगत होता. माझा हट्ट नडला.

तुमच्यावर ही पाळी आली तर उपयोगी पडावं म्हणून लिहितोय. चौथी शिकलोय, चुका होतील.

सिस्टरनं कागद पुढं केला. "सोबत कोण? नातं काय?"

गोविंदा माझी पिशवी धरून उभा. धसईजवळच्या घरात तो आणि मी एकतीस वर्षं एका चुलीवर जेवतो, एका अंथरुणावर निजतो. गावाला तो माझा शेतावरचा गडी वाटतो, आणि आमी वाटू दिलं. पण कल्याणात मला कोण ओळखत होतं? तरी तोंडातून आलं, "गडी हाय माझा."

"तुमच्या सहीबरोबर नातेवाईकाची सही लागते, गड्याची चालत नाही. त्यांना बाहेर थांबू द्या."

सहीसाठी भिवंडीचा पुतण्या बोलावला. तो दोन दिवसांनी आला. तेवढ्यात सडणं पुढं सरकलं, शेजारची दोन बोटंही गेली. जाताना पुतण्या गोविंदाला म्हणाला, "ए, काकाला चहा आण." सत्तरीच्या माणसाला.

गोविंदानं चहा आणला, बशीत ओतला. "घ्या मालक." एकतीस वर्षं मला अरेतुरे करणारा माणूस. मी बशी तशीच खाली ठेवली.

पुढं ड्रेसिंग, म्हणजे जखम धुवून पट्टी बदलणं. सिस्टर म्हणाली, "घरी कोण करणार? पुतण्याला बोलवा, शिकवते."

"बाई, मी खोटं बोललो. तो गडी नाय. आमी नवराबायकोसारखे राहतो."

तिनं हातातली पट्टी खाली ठेवली. मग दाराशी जाऊन हाक मारली, "काका, आत या. हात धुऊन घ्या." तिचे उपकार कसे फेडू?

दवाखानेवाल्यांनो, कागदावर आमच्यासारख्या म्हाताऱ्यांच्या नात्याला जागा ठेवा. आणि आमच्यासारख्यांनो, पहिल्याच दिवशी खरं सांगा. बोटं गेली त्याचं मला काय वाटत नाय.

जखम भरेस्तोवर पट्टी गोविंदाच बांधायचा. एकदा विचारलं, "राग गेला का रे?"

"पाय हलवू नका," म्हणाला.

अजून अहोजाहोच करतो. मी ऐकून घेतो.