उवांचा ताप

कुणी नखावर ऊ चिरडली की अजून मी तोंड फिरवतो. तो बारीक आवाज, आणि नखावर उरलेला रक्ताचा ठिपका.

बाप गेला, चौथीत शाळा सुटली आणि मी रत्नागिरीकडून थेट जळगावला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनात आलो. थंडीत आम्ही दहा-बारा जण एका खोलीत, मिळतील त्या गोधड्या ओढून झोपायचो. शिवणीशिवणीत उवा. जिनात कापूस निवडणारी शेजारची अक्का मला लेकासारखं वागवायची. उन्हात बसून माझ्या सदऱ्यातल्या उवा नखांनी मारायची, आणि त्याच हातांनी भाकरी द्यायची. शिसारी यायची, पण परमुलखात माझं दुसरं कोण होतं? मी खायचो, तिचे उपकार मानायचो.

मग मला ताप भरू लागला. तो उतरला की अक्का मला न्हाऊ घालून दवाखान्यात पाठवायची. डॉक्टर रक्ताचा थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. काही दिसायचं नाही. हिवताप समजून कोयनेलच्या गोळ्या मिळायच्या. आठवड्याभरानं ताप पुन्हा हजर. शेवटी डॉक्टर चिडले.

"अरे, अंगात ताप असताना का येत नाहीस? ताप गेला की रोगाचे किडे रक्तात सापडत नाहीत."

पुढच्या वेळी फणफणत गेलो. दिसले. त्यांनी मलाही दाखवले, मळसूत्रासारखे, वळवळणारे. मला तिथंच ओकारी आली.

"हा उवांचा ताप. ऊ नखानं चिरडू नका, तिच्यातला रोग खरचटल्या कातडीतून आत शिरतो."

सोमलाच्या, म्हणजे विषातून केलेल्या औषधाच्या, इंजेक्शनानं मी उठलो. खोलीवर येतो तर शेजारी अक्का तापानं कण्हत पडलेली. तापलेलं अंग सोडून उवा गोधडीवरून माझ्याच दिशेनं येत होत्या.

"अक्का, चल. आत्ताच."

"ताप उतरू दे रे भाऊ. आंग धोयाबिगर डाक्तरपुढे कशी जासू? हासतीन ना लोके."

"हसू देत. ताप उतरला तर किडे दिसायचे नाहीत."

"तुले किळस नही का येत?"

"येते," मी म्हटलं. खोटं बोलवेना.

गोधडीसकट तिला बैलगाडीत घातलं. वाटेत ती माझ्या खांद्यावर ओकली. मी दात आवळून तिला धरून राहिलो. डॉक्टरांनी तिच्या रक्ताची काच पाहिली आणि लगेच सुई उकळायला सांगितली.

अक्का वाचली. उन्हात बसायला लागली तसा तिनं आधी माझा सदराच ओढला. मी तो हिसकावून उकळत्या पाण्यात टाकला.

"मंग मी उनमा बशीसन काय करू?" ती करवादली.

मग तिनं भाकरी पुढे केली. मी घेतली, फक्त आधी तिनं हात धुतलेत का, तेवढं पाहिलं.