थॅडला धावता येई, सांगता येईना

माझ्या भाच्याला आमच्या गावाने दोनदा डोक्यावर घेतलं आणि दोनदा आपटलं. पहिल्यांदा आपटलं तेव्हा त्याचा गुडघा गेला होता, त्यात गावाचा दोष नाही. दुसऱ्यांदाची गोष्ट वेगळी. ती मी सांगणार आहे आणि सांगताना दोनचार जणांना बोलणारही आहे. ज्यांना लागेल त्यांनी खुशाल माझ्याकडे जेवायला यायचं बंद करावं. माझी खानावळ कॉलेजच्या फाटकासमोर आहे आणि असली बिस्किटं निम्म्या अलाबामात मिळत नाहीत, तेव्हा ते येतीलच.

थॅडियस बॉयकिन म्हणजे आमचा थॅड. माझी बहीण लवकर गेली, त्याला मीच वाढवला. ऑगबर्न कॉलेजकडून अमेरिकन फुटबॉल खेळायचा तेव्हा चेंडू काखोटीला मारून तो निघाला, की समोरची दांडगी पोरं त्याला आडवं पाडायला झेपावायची आणि एकमेकांनाच मिठ्या मारून पडायची. मेरिडेल कॉलेजविरुद्ध शेवटच्या मिनिटाला तो मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावला. ती धाव आमच्याकडे अजून लग्नात, मयतीत आणि चर्चच्या पायऱ्यांवर सांगितली जाते. ज्यांनी पाहिली नाही ते तर जास्तच रंगवून सांगतात. त्याचा चोवीस नंबरचा शर्ट कॉलेजने काचेच्या पेटीत लावला आणि तो नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरवलं. प्रत्येक सामन्याआधी पोरं त्या काचेला बोटं लावून मैदानावर जातात.

पुढे तो उत्तरेकडच्या मोठ्या संघात गेला आणि दुसऱ्याच वर्षी गुडघा घेऊन परत आला. मग बरीच वर्षं मोबील शहरात गाड्या विकत होता. लोक गाडी घ्यायला कमी आणि त्याच्याशी हात मिळवायला जास्त यायचे. असा हा मनुष्य कॉलेजने कोच म्हणून बोलावला, तेव्हा रस्त्यावर बँड वाजला. एवढा मोठा खेळाडू, तेव्हा कोचही मोठाच होणार, असं जो तो म्हणायला लागला. गाय चांगलं दूध देते म्हणून काय तिला खीर करता येते? पण हे तेव्हा कुणी बोललं नाही. मीही बोलले नाही, मी तर बँडच्या पुढे नाचत होते.

तीन वर्षं आम्ही हरत होतो. सरावाचं मैदान माझ्या खिडकीतून दिसतं, त्यामुळे थॅडचा आवाज मला भांडी घासतानासुद्धा ऐकू यायचा. ज्युनियस पेटवे म्हणून एक पोरगा होता, आखूड पायांचा, रुंद छातीचा, मनाने फार चांगला. धावायचं काम त्याच्याकडे होतं.

"अरे, वाट होती तिथं! दिसली नाही?" थॅड ओरडायचा.

"कुठं, कोच?"

"समोर! ढळढळीत समोर!"

"समोर तर सगळी माणसंच होती, कोच."

थॅड टोपी काढून जमिनीवर आपटायचा. पोरगा खाली मान घालून उभा राहायचा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणतात. इथे आड तुडुंब भरलेला होता, पोहराच नव्हता.

आणि गाव? उचलली जीभ लावली टाळ्याला. औषधाच्या दुकानवाला हॉलिस माझ्याच टेबलाशी बसून, माझाच पीचचा पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, खात म्हणाला, "मावशी, त्याला गाड्याच विकू द्यायला हव्या होत्या." चांगला गरम होता. मी बशी उचलून आत नेली. म्हटलं, "तुला बाहेरचा विकतचाच बरा."

मेरिडेलच्या सामन्याच्या आठवड्यात, सोमवारी दुपारी, थॅड आला आणि कोपऱ्यात बसला. मी तळलेला मासा आणि मक्याची लापशी पुढे ठेवली. त्याने हात लावला नाही. कॉलेजच्या अध्यक्षांनी त्याला बोलावून सांगितलं होतं, की शनिवारी हरलात तर पुढच्या वर्षी नवा कोच.

"मावशी, मी वाईट कोच आहे का गं?"

"आहेस."

तो हसला. "जरा विचार करून तरी सांगायचं."

"तीन वर्षं तोच करतेय. त्या ज्युनियसला तू सारखा 'बघ बघ' म्हणून ओरडतोस. त्याला डोळे आहेत रे. काय बघायचं ते सांग की."

"मला माहीत असतं तर सांगितलं नसतं?" तो एकदम म्हणाला आणि मग आवाज खाली आणला. "मला खरंच माहीत नाही, मावशी. पाय जायचे आणि मी त्यांच्या मागोमाग जायचो. खेळ गेला तो गुडघ्यामुळे गेला, ते मी सोसलं. हे गेलं तर माझ्यामुळे जाईल."

 मी लापशीवर उगाच आणखी लोणी घातलं.

शेजारच्या टेबलावर रूफस टॉलिव्हर जेवत होता. रूफस म्हणजे धिप्पाड गडी. माझ्या खानावळीमागे त्याची भट्टी आहे, तिथे तो दिवसभर डुकराच्या फासळ्या धुरावर भाजत असतो. कॉलेजात तो थॅडच्या पुढे धावायचा आणि समोरच्यांना ढकलून वाट मोकळी करायचा. त्या प्रसिद्ध धावेतही तोच पुढे होता, पण गोष्ट सांगताना त्याचं नाव कुणी घेत नाही, आणि त्यालाही कधी त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही.

"माहीत नसेल तर करून बघ ना, थॅड्या," रूफस तोंडातला घास न गिळताच म्हणाला.

"या गुडघ्यावर?"

"मग हळू कर. म्हातारे लोक नाचत नाहीत का?"

गुरुवारी मी पोरांसाठी मक्याच्या पावाचा ट्रे घेऊन मैदानाच्या कुंपणाशी गेले आणि पाहते तर काय! थॅडने काचेची पेटी उघडून तो शर्ट काढला होता आणि अंगात चढवला होता. पोटावर तो इतका ताणला होता की चोवीसातला चार आडवा झाला होता. पोरं शिरस्त्राणांत तोंड लपवून हसत होती. थॅडच्या पुढे रूफस उभा, भट्टीवरचा ॲप्रन तसाच.

"हसून झालं असेल तर मला आडवं पाडा," थॅड म्हणाला. "लाज बाळगायची नाही."

पोरांनी बाळगली नाही. पहिल्यांदा पडला, दुसऱ्यांदा पडला, तिसऱ्यांदा असा पडला की मी ट्रे गवतावर ठेवला. मी देवाचं नाव घेत होते, आणि मधेमधे देवाने ऐकू नये असंही काही म्हणत होते. ज्युनियसने त्याला हात देऊन उठवलं आणि म्हणाला, "कोच, पुरे आता."

"पुन्हा," थॅड म्हणाला. "आणखी हळू."

या खेपेला ते धावलेच नाहीत, चालले म्हणा. थॅड लंगडत होता. चारपाच पावलं गेले असतील नसतील, रूफस मधेच थांबला आणि मान वळवून म्हणाला, "अजून तसंच करतोस होय रे?"

"काय करतो?"

"तुझा हात बघ."

थॅडने पाहिलं. उजव्या काखेत चेंडू होता. डावा तळहात रूफसच्या कमरेवर सपाट टेकलेला होता.

"हे... आधीपण असायचं?"

"चार वर्षं! घामाने ओला हात. शी."

"मग तू कधी बोलला का नाहीस?"

"मला वाटलं तुला माहीत आहे. आणि कुणी विचारलंय कुठं मला?"

थॅड तिथेच उभा राहिला. हात काढला, पुन्हा ठेवला. रूफसला म्हणाला, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून हात कुठे जातो ते बघत राहिला. मी त्याला लहानपणी ताप आलेला पाहिलाय, पहिलं प्रेम झालेलं पाहिलंय, पण असा चेहरा पाहिला नव्हता.

"मी डोळ्यांनी वाट शोधतच नव्हतो," तो म्हणाला. "ज्युनियस, इकडे ये. हात ठेव इथे. डोळे मीट."

"मिटू? तुम्ही तर तीन वर्षं बघ म्हणताय."

"मी गाढव होतो. मीट. आता वाट शोधू नकोस. ही कमर ज्या बाजूला जोर लावेल ना, तो तिकडे माणूस ढकलतोय. तू त्याच्या उलट्या बाजूने निघायचं. पण कमर वळेपर्यंत थांबायचं. घाई करायची नाही. मी थांबायचो रे! मला वाटायचं मी नुसता पळतो."

तीन वर्षं ज्या मैदानावरून "बघ बघ" ऐकलं, तिथून पहिल्यांदा "थांब" ऐकू आलं. अंधारून येईपर्यंत ते तेच करत राहिले, आणि माझा पाव गार झाला.

शनिवारचं आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. आम्ही हरलो. सोमवारी थॅडला काढलं. आता तो गावच्या शाळेतल्या मुलांना शिकवतो, तिथे काचेची पेटी नाही आणि तो सुखात आहे. कॉलेजात नवा कोच आला. तो स्वतः कधी खेळलेला नाही आणि तो जिंकतोय. त्याच्यासाठी धावतो तो ज्युनियसच. हॉलिस आता माझ्याकडे बसून सांगतो, की बघा मावशी, मोठ्या खेळाडूंना शिकवता येत नाही हे सिद्ध झालं. मी म्हणते, येतं रे, फक्त आधी त्यांना हळू चालावं लागतं, आणि तेवढा वेळ तुझ्यासारख्यांनी तोंड मिटून बसावं लागतं. त्याला आता मी पीचचा पाय गार देते.

पण त्या शनिवारी काय झालं ते हॉलिस सांगत नाही, म्हणून मी सांगते.

ज्युनियस त्या दिवशी कुणासारखा धावला नाही, ज्युनियससारखा धावला. पुढच्याच्या कमरेवर हात, जरा थांबायचं, मग घुसायचं. थोडं थोडं, पुन्हा थोडं. दिसायला काही सुंदर नव्हतं, पण मेरिडेलच्या पोरांच्या तोंडाला फेस आला. शेवटी आम्ही थोडक्या गुणांनी मागे होतो आणि घड्याळ संपत आलं होतं. लोक "चोवीस! चोवीस!" ओरडायला लागले. त्यांना ती जुनी लांब धाव पाहिजे होती. थॅडने मान हलवली आणि ज्युनियसला पुन्हा त्याच आखूड वाटेने पाठवला. पोरगा चौघांना अंगावर घेऊन गेला आणि पलीकडच्या टोकाच्या रेषेच्या हातभर अलीकडे पडला. वेळ संपली.

मग काय, तोंडं सुटली. फाटकाकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंनी माणसं दाटली होती. कुणीतरी थॅडच्या तोंडावर ओरडलं, "तू असतास तर घुसला असतास!"

"माझ्यापुढे रूफस होता," थॅड म्हणाला. एवढंच म्हणाला.

रूफस माझ्या शेजारी उभा होता. त्याने हातातला कागदी पेला मला दिला, गर्दीत शिरला आणि थॅडच्या पुढे जाऊन चालायला लागला. कुणाला ढकललं नाही, पण तो चालायला लागला की माणसं बाजूला होतात. थॅड लंगडत त्याच्या मागे होता. डावा हात कधी रूफसच्या कमरेवर गेला ते त्याला कळलंही नसेल. मग मागून ज्युनियस आला, चिखलाने माखलेला, शिरस्त्राण काखेत, आणि त्याने आपला तळहात थॅडच्या कमरेवर ठेवला. त्याच्या मागे दुसरा आला, त्याच्या मागे तिसरा.  ओरडणारेही वाट देऊन बाजूला झाले.

रांग सावकाश फाटकाबाहेर पडली आणि रस्ता ओलांडून माझ्या खानावळीकडे वळली. मी सर्वांत मागे होते. पेला टाकून दिला होता, आणि माझाही हात पुढच्या पोराच्या कमरेवर होता.