जोंगमानला हवी असलेली हाक

प्यो जोंगमानला आयुष्यात एकच हाक ऐकायची होती: "प्रमुखसाहेब!" सोलमध्ये घर झालं, गाडी झाली, लेक कॉलेजात गेली, पण गड्याचा जीव त्या एका शब्दात अडकलेला. आमच्या कचेरीत कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. हुद्दा हेच नाव. तो उपप्रमुख, मी ओक्जू, शेजारच्या टेबलावरची साधी सहायक. शेजारी बसून बसून दोघांचेही केस पिकले.

यंदा त्याचा नंबर पक्का होता. आणि नेमकं जानेवारीत वरून फर्मान आलं: आजपासून हुद्दे बंद, सगळे समान. थोरामोठ्यांपासून कालच्या पोरीपर्यंत सर्वांनी एकमेकांचं नाव घेऊन पुढे 'जी' लावायचं.

दुसऱ्याच दिवशी नवीन आलेली सेयॉन गोड आवाजात म्हणाली, "जोंगमानजी, कॉफी आणू?" गडी असा दचकला की मला हसू आवरेना. मग वाईटही वाटलं. समानतेचा पुळका यांना नेमका याच वर्षी यायचा होता!

पगार वाढला, काम प्रमुखाचंच मिळालं, शब्द तेवढा मिळाला नाही. तिकडे गावी, यंग्यांगला, त्याचे वडील मिरचीच्या शेतात राबून थकलेले. फोनवर दर वेळी एकच प्रश्न, "झालास का रे?" आमच्याकडे श्राद्धाच्या वेळी मयत माणसाच्या नावाचा कागद उभा करतात. ज्याला कधी पद मिळालं नाही, त्याच्या कागदावर नुसतं 'विद्यार्थी' लिहितात. म्हातारा म्हणायचा, "मी विद्यार्थीच जाणार. तू तरी काहीतरी होऊन जा." त्या जानेवारीत जोंगमान फोनवर बोलून बसला, "झालो, बाबा."

शरदात आमच्या विभागाची डोंगरावरची सहल निघाली, ती यंग्यांगजवळच. म्हाताऱ्याला सुगावा लागला आणि त्याने सगळ्यांना जेवायला बोलावलं. व्हॅनमध्ये जोंगमानचा चेहरा पांढराफटक. शेवटी त्याने मला सगळं सांगितलं, तेव्हा मीच मागे वळून कचेरीतल्या पोरांना दम भरला, "आज जेवण होईपर्यंत यांना प्रमुखसाहेब म्हणायचं. जीभ झिजत नाही कुणाची!"

पोरांनी जरा अतीच केलं. "प्रमुखसाहेब, भात वाढू?" "प्रमुखसाहेब, मिरची जपून हं!" सेयॉन तर पाण्याचा पेला देतानाही कमरेत वाकली. जोंगमानचे कान लाल झाले, पण पाठ ताठ झाली होती. इतकं सुखी मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना. म्हातारा सगळ्यांना तांदळाची दारू ओतत होता, हसत होता.

निघताना म्हाताऱ्याने वाळलेल्या मिरच्यांची पिशवी माझ्या हातात कोंबली. जोंगमान उंबऱ्यावर बसून बूट घालत होता.

"पोरी," म्हातारा म्हणाला, "तुमच्याकडचे हुद्दे गेले, हे माझ्या धाकट्या लेकाने मला केव्हाच सांगितलंय."

मी चटकन उंबऱ्याकडे पाहिलं.

"उद्यापासून त्याला नावानेच हाक मारा. लाजू नये त्याने. ते नाव मी ठेवलंय."

उंबऱ्यावर बूट घालणारे हात थांबले होते.

व्हॅन गावाबाहेर पडली. मागची पोरं पेंगायला लागली. जोंगमान खिडकीबाहेर बघत होता.

"बाबा लाखमोलाचं बोलले," मी म्हणाले.

"बोलले ना." मग हळूच म्हणाला, "पण ओक्जू, मला व्हायचं होतं गं. फार व्हायचं होतं."

"मलाही," मी म्हणाले.

तो वळून माझ्याकडे बघतच राहिला. इतकी वर्षं शेजारी बसून हे त्याच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं.