घरची रमी

माझ्या बायकोच्या मामांनी मला जेवढं दमवलं, तेवढं माझ्या साहेबाने, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने आणि पाण्याच्या टँकरवाल्याने मिळूनही दमवलं नसेल. आणि तेही बसल्या जागी, चटईवर, हातात तेरा पत्ते देऊन. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही विरारला आणि मामा-मामी, त्यांची एकुलती मुलगी नालासोपाऱ्याला, तिसऱ्या मजल्यावर. मामा छापखान्यातून निवृत्त झालेले. रविवारी जेवून मी आडवा होतो न होतो तोच शेजाऱ्यांकडे फोन यायचा, "जावईबापू, एक गडी कमी पडतोय." पडत कधीच नसे. त्या तिघांची रमी छान झाली असती. पण मामांच्या मते तिघांची रमी म्हणजे तिघांची पंगत, वाढणाऱ्यालाच लाज वाटते. मग आम्ही नवरा-बायको निमूट चपला घालायचो.

पत्ते खेळायला माझी ना नव्हती, पण मामांची रमी ही जगातली रमी नव्हती. तेरा पत्ते, एक सिक्वेन्स बिनजोकरचा, बाकीचे जमतील तसे लावा, इथपर्यंत ती चारचौघांसारखी. पुढे घटनादुरुस्ती सुरू. एक्का दुर्रीच्या खाली बसतो, राजाच्या वर नाही. "एक्का म्हणजे एक. त्याने एकासारखं राहावं," मामा बजावायचे, "आज त्याला राजाच्या डोक्यावर बसवलंत, तर उद्या घरात कोण कुणाच्या डोक्यावर बसेल सांगता यायचं नाही." बदामाची राणी खाली टाकायची नाही. स्वतःच्या लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात मामांनी ती 'काय करायचीय ही घेऊन' म्हणत फेकली होती आणि मामींनी अबोला धरला होता. तेव्हापासून ती ज्याला येईल त्याने शेवटपर्यंत सांभाळायची. ती हटकून मलाच यायची. जोकर आल्यावर जो हसेल त्याने तो मुकाट्याने शेजारच्याला द्यायचा, त्यामुळे आम्ही सगळे समाचाराला आल्यासारखे चेहरे करून खेळायचो. आणि सगळ्यात जीवघेणा नियम म्हणजे, प्रत्येकाची एकदा तरी रमी लागल्याशिवाय कुणी उठायचं नाही. "माझ्या घरातून उपाशी जायचं नाही," असं म्हणून मामा पुन्हा पत्ते पिसायचे. उपाशी नेहमी मीच असायचो. शेजारीपाजारी कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या, बायको डोळे वटारायची आणि मला काही केल्या सिक्वेन्स लागायचा नाही.

हे सगळं फक्त घरच्यांसाठी, बरं का. बाहेरचं कुणी आलं की मामा सरळ, जगासारखी रमी वाटायचे. "पाहुण्याला आपले नियम सांगू नयेत. पाहुण्याला चहा द्यावा आणि जिंकू द्यावं." मी जावई झाल्यावर सहा महिने पाहुण्यांची रमी खेळलो. किती सुखाचे दिवस होते ते!

मग मामांच्या मुलीने घरात सांगितलं की तिला लग्न करायचंय, आणि मुलगा वसईतल्या ख्रिस्ती गावातला आहे. दोघं एकाच शाळेत शिकवायची. मुलगा मराठीच, घरी केळीची वाडी, पण मामांनी पुढचं काही ऐकून घेतलं नाही. ओरडले नाहीत, रागावले नाहीत. तिच्याशी बोलणंच बंद केलं. रमी मात्र बंद केली नाही. ती त्यांच्या शेजारी बसायची आणि मामा समोरून मला म्हणायचे, "जावईबापू, तिला सांगा, पत्ता उचल म्हणावं." मी म्हणायचो, "उचल." ती म्हणायची, "भाऊजी, बाबांना सांगा, उचललाय." हातभर अंतरातला निरोप असा माझ्यावरून वळसा घालून जायचा. पावसाळा गेला, दिवाळी गेली. मामी न विचारता चहा टाकायच्या आणि तो गार व्हायचा. घरी परतताना माझ्या अंगात त्राण नसायचं. मामाही थकलेले दिसायचे. एकदा जिन्यापर्यंत सोडायला आले आणि कठड्याला धरून म्हणाले, "माणूस वाईट असेल असं नाही हो. पण मला जमेल का, ते कळत नाही."

एका रविवारी तो मुलगा स्वतःच आला. पानात बांधलेली सुकेळी, म्हणजे घरच्या वाडीतली वाळवलेली केळी, घेऊन, इस्त्रीच्या शर्टात, घामाघूम. मामांनी त्याला बस म्हटलं आणि पंख्याकडे बघत विचारलं, "पत्ते येतात?"

"रमी येते, काका. आमच्याकडे लग्नघरी रात्रभर चालते."

मामांनी पत्ते वाटले. अर्थातच पाहुण्यांची रमी. मुलीने मान खाली घातली, ती वर काढलीच नाही. मुलगा बरा खेळत होता, आणि चांगले पत्ते आल्यावर हसत होता, त्याला बिचाऱ्याला काय माहीत! थोड्या वेळाने त्याने पत्ते चटईवर मांडले. "झाली, काका." इस्पिकची राणी, राजा आणि त्यांच्यावर एक्का, बाकी सगळं बिनचूक.

मामा त्या एक्क्याकडे बघत राहिले. 'शाब्बास' म्हणून चहा दिला असता की पाहुणा जिंकून गेला असता. शेवटी मामांनी एक्का बोटाने बाजूला सरकवला.

"हे चालत नाही."

"का, काका? एक्का राजाच्या वर लागतो की."

"बाहेर लागत असेल. आपल्या घरात लागत नाही."

मामी पदर तोंडाला लावून आत गेल्या. मुलगी रडायला लागली. काही न कळलेला तो एकटाच होता. भेदरून त्याने मला विचारलं, "म्हणजे मी हरलो?"

"हरलास रे बाबा," मी म्हणालो, "आता सुटका नाही तुझी."

"तिला सांगा..." मामा सवयीने माझ्याकडे वळले, थांबले, आणि मुलीकडे बघून म्हणाले, "डोळे पूस गं. आणि त्याला राणीचं समजावून सांग, मला नीट सांगता येत नाही."

लग्न झालं, चर्चमध्येही आणि घरीही. मामांचे थोरले भाऊ आले नाहीत. मामांनी त्यांच्याबद्दल कधी वाईट शब्द काढला नाही, आणि पत्रिका द्यायलाही स्वतः जाऊन आले होते.

अलीकडे मामांना कंपवाताने गाठलंय. तेरा पत्ते बोटांत ठरत नाहीत, भराभरा मांडीवर गळतात. म्हणून त्यांचा हा वसईचा जावई आता खेळत नाही. मामांच्या बाजूला बसतो, त्यांचे पत्ते पंख्यासारखे उघडून त्यांच्यासमोर धरतो, आणि मामा हनुवटीने दाखवतील तो खाली टाकतो.

"माझे पत्ते बघायचे नाहीत," मामा दर डावाला दरडावतात.

"नाही बघत, बाबा," तो म्हणतो. आणि खरोखरच, हात अवघडून जाईपर्यंत, मान वळवून खिडकीबाहेर बघत बसतो.