पॉलिशवाल्याची लेक

रांझीच्या फॅक्टरीत नीलकंठ भोयरनं एकतीस वर्षं पॉलिश केलं. पुढ्यात धातूचा तुकडा यायचा तो काळवंडलेला, खरबरीत. हातून जायचा तो असा की त्यात माणसानं भांग पाडावा. तो तुकडा पुढं कशात बसतो, कुठं जातो, हे त्यानं कधी विचारलं नाही. पलीकडच्या टोकाला इन्स्पेक्टर बसायचा, त्याच्या तोंडून ‘पास’ ऐकलं की नीलकंठचा दिवस सार्थकी लागायचा. एकतीस वर्षांत त्याचा लॉट तीनदा परत आला. त्या तिन्ही दिवशी तो घरी जेवला नव्हता.

वडील काटोलकडून या हिंदी मुलखात नोकरीला आलेले. घरातली मराठी तेवढी राहिली होती, तीही दारात हिंदीवाला दिसला की अर्ध्या वाक्यात कूस बदलायची. बायको हेमलता. एकच लेक, दुर्वा. तिला मराठी सगळी कळायची. बोलताना मात्र तिची जीभ अडखळायची.

दुर्वाला दगडांचा नाद लागला तो नवव्या वर्षी. नर्मदेवर ग्वारीघाटाला अंघोळीला गेले होते. हेमलतानं डबा सोडला, हाका मारल्या, तर पोर गुडघाभर पाण्यात वाकलेली. मुठीत एक दगड होता. बाहेरून मातकट, आणि जिथं फुटला होता तिथं मधाच्या रंगाच्या गोल रेघा, एकीत एक.

“पापा, इसके अंदर किसने बनाया?”

‘अकीक म्हणतात याला,’ असं घाटावरच्या एका बाईनं सांगितलं. दगडाला नाव असतं हे नीलकंठला त्या दिवशी कळलं, आणि आपल्या पोरीला ते हवंय हेही कळलं.

मग रविवार ठरून गेला. पुढं नीलकंठ, मधे दुर्वा, मागं डबा मांडीवर घेऊन हेमलता, अशी मोटारसायकल निघायची. मदनमहालच्या टेकडीवर ते गेले, तिथं घरापेक्षा मोठे गुलाबी फत्तर एकमेकांच्या खांद्यावर टेकून बसलेले. तिलवाऱ्याला गेले. भेडाघाटला गेले, पण धबधबा बघायला नाही. मूर्ती घडवणाऱ्यांच्या दुकानांमागं सेलखडीच्या मऊ दगडाचे टाकाऊ तुकडे पडलेले असतात, ते वेचायला. एकदा लम्हेटाच्या उतारावर हेमलताची चप्पल तुटली आणि ती भर उन्हात अनवाणी बसली.

“लोकांच्या पोरी बांगड्या मागतात,” ती म्हणाली. “आपली गिट्टी मागून राहिली. लग्नात रुखवतावर हेच मांडा आता.”

“मांडू ना,” नीलकंठ म्हणाला, “जावई ठेकेदार पाहू म्हणजे झालं. रस्त्याच्या कामाला येईल.”

हेमलता हसली, पाय पोळत असतानाही हसली. त्या वर्षांत ते घर असं हसत होतं.

दुर्वा आणलेला दगड कधी नुसता ठेवायची नाही. आधी त्याला ब्रशनं झटकायचं, पाणीसुद्धा बेतानं. मग कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा तांदळाएवढा ठिपका, त्यावर बारीक काळ्या शाईनं नंबर. आणि एका जाड वहीत त्या नंबरापुढं सगळं: दगड कुठला, घाटाच्या कोणत्या बाजूला, किती खोल, कोणत्या तारखेला. बावन्न दगड झाले, बावन्न ओळी झाल्या. नीलकंठ तिच्यामागं उभा राहून बघायचा. पोरीचा हात स्थिर होता. आपलाच हात आहे, असं त्याला वाटायचं.

सदतीस नंबरचा दगड दिसायला सगळ्यांत गरीब होता. लम्हेटाच्या चुनखडीतून निसटलेला, राखी, तळहाताएवढा. त्याच्या एका अंगाला पातळ, वाकडी साल होती, आणि सालीवर मोहरीसारखे दाणे. दुर्वा त्याला कापसात ठेवायची. तिला वाटत होतं, ही अंड्याची साल आहे. पक्ष्याच्या नाही, माणसाच्या कैक कोटी वर्षं आधी नर्मदेकाठी हिंडलेल्या जनावराच्या अंड्याची. हे ती मोठ्यानं म्हणायची नाही. म्हटलं आणि खोटं निघालं तर, याची तिला भीती होती.

बारावी झाली. दुर्वाला भूगर्भशास्त्र शिकायचं होतं. हेमलता अडून बसली.

“बी.कॉम. कर, बँकेची परीक्षा दे. दगड शिकून पोरगी कुठं जाते? खदानीत?”

महिनाभर घरात धुसफूस चालली. शेवटी तोड निघाली ती सत्यभामा मॅडमच्या नावानं. त्या नागपूरच्या. सारी हयात कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आता नेपियर टाउनमधे राहत होत्या. कुणाच्या तरी ओळखीनं दुर्वानं त्यांना सदतीस नंबरचा मोबाइलवरचा फोटो पाठवला होता. फोटो अंधुक होता, तरी त्यांचं उत्तर आलं: दगड हातात घेऊनच सांगता येईल, रविवारी अकराला घरी येते, वही तयार ठेव.

हेमलता म्हणाली, “मॅडम म्हणाल्या पोरीत दम आहे, तर मी तोंड उघडणार नाही. नाही म्हणाल्या, तर कॉमर्सचा फॉर्म. ठरलं?”

“पक्का,” दुर्वा म्हणाली.

त्याच आठवड्यात हेमलताच्या बहिणीकडं छिंदवाड्याला बारसं निघालं. शुक्रवारी सकाळी मायलेकी गेल्या. रविवारी पहाटेच्या बसनं परतायचं होतं. नीलकंठ घरी एकटा राहिला.

रिटायर होऊन त्याला आठ महिने झाले होते. हाताला काम नव्हतं. त्यानं दगडांचे ट्रे ओट्यावर काढले आणि उन्हात नीट पाहिले. माती चिकटलेली, पापुद्रे सुटलेले, कुठं गंजासारखे डाग. परवा इन्स्पेक्शन, आणि माल असा?

इन्स्पेक्शनच्या आधी माल घासायचा असतो. हे त्याला कुणी शिकवायला नको होतं.

गोहलपुरात त्याच्या ओळखीचं बफिंगचं, चाकावर घासून चमकवायचं, वर्कशॉप होतं. शुक्रवारी दुपारी नमाजासाठी ते बंद असायचं, मशीन रिकामी. त्यानं दोन पोत्यांत दगड भरले, मोटारसायकलला बांधले आणि किल्ली मागून घेतली. आधी खरबरीत चाक, मग बारीक, मग मऊ नमद्याचं. शुक्रवारची दुपार गेली. शनिवारी एक कोपरा मागून घेऊन त्यानं अंधार पडेपर्यंत काम केलं. दगड धातूसारखे ऐकत नव्हते. काही चाकावरून उसळले, एकानं अंगठ्याचं नख फोडलं. पण त्यानं एकालाही सोडलं नाही. घासून झालेला दगड तो पाण्याच्या टबात टाकत गेला. आठ महिन्यांनी त्याच्या कानात मशीनचा आवाज होता आणि तो गुणगुणत होता.

नंबर पुसले जातायत हे त्याला दिसत होतं. त्याची त्याला चिंता वाटली नाही. फॅक्टरीत नंबर लॉटला असतो, तुकड्याला नसतो; शंभर तुकडे सारखे, वरचा कागद एक. वहीत बावन्न आहेत, दगड बावन्न आहेत, हिशेब जुळला. घरी आल्यावर त्यानं पांढरा रंग काढला, चष्मा लावला आणि मोठ्या दगडापासून लहान दगडापर्यंत ओळीनं एक ते बावन्न नंबर टाकले. पोरीपेक्षा सुबक टाकले. ट्रे बैठकीत मांडून त्यावर धुतलेली चादर घातली.

रविवारी बस उशिरा आली. मायलेकी दारात उतरल्या, आणि मागोमाग सत्यभामा मॅडमची रिक्षा. दुर्वा चादरीकडं धावली.

“रुक, बेटा,” नीलकंठनं तिचा हात धरला. “पहिले मॅडमला पाहू दे. सरप्राइज आहे.”

आणि त्यानं स्वतःच्या हातानं चादर ओढली.

खिडकीतून ऊन येत होतं. बावन्न दगड लखलखले. दुकानातल्या शोकेससारखे दिसले. हेमलतासुद्धा “अगं बाई!” म्हणाली. दुर्वाचा चेहरा नीलकंठला दिसत नव्हता. तो मॅडमच्या चेहऱ्याकडं बघत होता, जसा एकतीस वर्षं इन्स्पेक्टरकडं बघत आला तसा.

मॅडमनी पर्समधून भिंग काढलं. एक दगड उचलला, ठेवला.

“हे घासलेत?”

दुर्वानं मान वळवून बापाकडं पाहिलं. तो हसत होता.

“तू घासलेस?” मॅडमनी पुन्हा विचारलं.

“हो,” दुर्वा म्हणाली.

नीलकंठला क्षणभर बारीकसं टोचलं. दोन दिवस राबलो मी, आणि श्रेय हिनं घेतलं! मग त्यानं मनातच मान डोलावली. घेऊ दे. तिचाच दिवस आहे.

“वही दे. बारा नंबर.” मॅडमनी बारा लिहिलेला दगड हातात धरून ओळ वाचली, “‘अकीक, ग्वारीघाट, पाण्याच्या रेघेखाली.’ आणि हा तर मदनमहालचा ग्रॅनाइट. अठरा? ‘सेलखडी’. हा काळा फत्तर आहे, मुली. सेलखडी नखानं ओरखडते, हे तरी माहीत आहे का तुला?”

“माहीत आहे.”

“मग हे काय लिहिलंस?”

मॅडमनी आणखी चार नंबर काढले. पाचवा काढला तेव्हा नीलकंठला उमगलं. बारा म्हणजे लॉट नव्हता. बारा म्हणजे तोच एक दगड होता, त्याच घाटाचा, त्याच रविवारचा. ती ओळ दुसऱ्या कुठल्याच दगडाला लागत नव्हती.

“आणि तो फोटोतला? सदतीस?”

सदतीस नंबर एका गारगोटीवर होता. दुर्वानं ती बाजूला सारली, ट्रेमधे बोटं फिरवली आणि आंधळ्या माणसानं आपलं भांडं ओळखावं तसा एक राखी दगड काढून दिला. त्यावर एकोणीस लिहिलं होतं. मॅडमनी तो उजेडाकडं धरला, भिंगाखाली बराच वेळ फिरवला. साल नव्हती. दाणे नव्हते. न्हाणीघराच्या फरशीसारखा गुळगुळीत होता.

“इथं काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “असेलच काही, तर ते आता नाही.”

आता बोलायचं होतं. नीलकंठला ते समजत होतं. एवढंच म्हणायचं होतं, की मॅडम, हे मी केलं. चार शब्द. दुर्वानं दुसऱ्यांदा त्याच्याकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता. ती वाट बघत होती. नीलकंठनं तोंड उघडलं, आणि हेमलता तिथं उभी होती, आणि मॅडम तिथं उभ्या होत्या, आणि त्याच्या हयातीचा सगळा माल त्या ट्रेमधे रिजेक्ट होऊन पडला होता.

“चहा आणा ना,” तो हेमलताला म्हणाला.

मॅडम चहाला थांबल्या नाहीत. जाताना त्या हेमलताशी हळू बोलल्या, पण घर लहान होतं. “छंद म्हणून ठीक आहे. पण दगड ओळखू आला नाही तर एक वेळ चालतं, शिकवता येतं. मनानं नोंदी लिहिणारी मुलगी या विद्येत चालत नाही. तिला दुसरं काहीतरी करू द्या.”

रिक्षा गेली. हेमलतानं टोमणा मारला नाही, हे जास्त वाईट झालं. घासलं कुणी हे तिला कळलं होतं; नोंदी मात्र तिलाही पोरीच्याच चुकलेल्या वाटल्या. तिनं बसचा प्रवास झटकल्यासारखा पदर झटकला आणि ती आत गेली. दुर्वानं ट्रेवर चादर ओढली.

रात्रभर नीलकंठ कूस बदलत राहिला. सोमवारी सकाळी त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि नेपियर टाउन गाठलं. फाटकाबाहेर उभं राहूनच त्यानं सगळं सांगितलं: गोहलपूर, बफ, टब, नंबर. फुटलेलं नख पुढं करून दाखवलं.

सत्यभामा मॅडमनी ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हती.

“भोयरजी,” त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं मी पालक पाहिले. मुलाचा पेपर कोरा निघाला, की बाप सांगतो पेन मी दिलं होतं, त्यात शाईच नव्हती. तुमची माया कळते मला. पण काल मी तिला विचारलं, तुमच्यासमोर विचारलं. ती हो म्हणाली. तुम्ही तिथंच उभे होता ना?”

“होतो जी.”

“मग?”

फाटकाचा गंजका दांडा त्यानं उगाच अंगठ्यानं चोळला, ‘बराय’ म्हणाला आणि निघाला.

घरी दुर्वा ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती.

“मॅडमकडं जाऊन आलो,” तो म्हणाला. “सांगितलं सगळं खरं खरं.”

तिनं वर पाहिलं नाही. “काहून गेलात?”

“अगं, काहून म्हणजे? चूक माझी…”

“काल सांगायचं होतं, पापा.” मराठीतलं हे वाक्य ती अडखळल्याशिवाय बोलली. मग हिंदीत वळली. “अब छोड़िए.”

“मग तू तरी काहून हो म्हणाली? तू सांगायचं, पापांनी केलं!”

“आप खुश थे,” ती म्हणाली. “मुझे लगा, आप खुद बोलेंगे.”

पुढं कॉमर्सच्या फॉर्मची तारीख आली. कमानिया गेटजवळच्या ऑनलाइन दुकानात बापलेक गेले. हेमलतानं मुद्दाम दोघांनाच पाठवलं होतं. तिला वाटलं, बोलतील. गल्ली वाहत होती, हॉर्न, चाटचा वास, साड्यांचे गठ्ठे डोक्यावर घेतलेले हमाल. दुर्वानं दुकानदाराला सगळी माहिती न चुकता सांगितली. बी.कॉम. प्रथम वर्ष. विषय विचारले तेव्हाही ती थांबली नाही.

फॉर्मवर मोबाइल नंबर नीलकंठचा होता. त्याच्या खिशात फोन वाजला.

“पापा, ओटीपी आया होगा,” ती पडद्याकडं बघत म्हणाली. “बता दीजिए.”

नीलकंठनं चष्मा लावला. सहा आकडे होते. त्यानं एकेक आकडा सावकाश, स्पष्ट वाचला. दुकानदारानं टाकले. एकही चुकला नाही.