माळवदावरचा शालू

लढाईत टेहळणीच्या विमानांतून काढलेले फोटो धुवायच्या तंबूत मी होतो. थोरला भाऊ ब्रह्मदेशात पायदळात. तो मारला गेल्याचं मला तिकडंच कळलं, आणि सरकारी तारेच्या आधी मी रजेवर वडूजला घरी पोचलो. वहिनीपुढं तोंडच उघडेना.

मग मी पांगाऱ्याच्या लाकडाचं तसलं विमान कोरत बसलो. वहिनीनं ते उलटं करून पोटाला पाडलेलं भोक पाहिलं.

"ह्यात बंदूक न्हाई व्हय, भावजी?"

"न्हाई. नुसता कॅमेरा. खालचं समदं दिसतं."

"आमचं घरबी? मग त्यो फोटू तिकडं त्यास्नी दावत्याल?"

"दावत्याल की," मी म्हणून गेलो.

पुढं एकदा आभाळात घरघर ऐकून बाहेर आलो. वहिनीनं लग्नातला शालू माळवदावर पसरून कोपऱ्यांवर दगड ठेवले होते, आणि ती वर बघून हात हलवत होती.

तेव्हा भाऊ गेल्याचं सांगितलं. ती रडली नाही. दगड बाजूला करून तिनं शालूची नीट घडी घातली. खाली येऊन कोनाड्यातलं विमान माझ्या हातात दिलं.

"मग हे कशापायी केलंसा?"